कुर्ता उलटा करून पाहा : फॅशन क्षेत्रात आपले काम शोधण्याची एक रीत

‘इस्पितळात काम करायचे आहे’ एवढ्याच वाक्यावरून बोलणारा शल्यचिकित्सक होणार, परिचारिका होणार की औषधांचे भांडार सांभाळणार, हे कळत नाही. ‘फॅशन डिझायनिंग करायचे आहे’ या वाक्याचेही तसेच आहे. पण दहावी-बारावीच्या निकालानंतर ते उच्चारले गेले की पुढचा प्रश्न न विचारताच घरात संस्थांची माहितीपत्रके जमू लागतात. कपाशीच्या बोंडापासून दुकानातील हँगरपर्यंतच्या वाटेवर किमान दोन डझन वेगवेगळे पेशे आहेत आणि त्यांपैकी रेखाटने करणारा डिझायनर हा एक. त्याच्या जागा सर्वांत कमी आणि त्यांच्यासाठीची रांग सर्वांत लांब, ही गोष्ट शुल्क भरून झाल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेली बरी.

कपड्यांच्या निर्यातीच्या धंद्यात मर्चंडायझर, म्हणजे ऑर्डरचे वेळापत्रक सांभाळणारा, म्हणून काम करताना माझ्या पाहण्यात आलेली बहुतेक मुले-मुली उलट्या क्रमाने आली होती : आधी अभ्यासक्रम, मग नोकरी आणि सर्वांत शेवटी आपल्याला यातले नेमके काय आवडते याचा शोध. हा लेख तो क्रम सुलटा करण्यासाठी आहे. आधी कामे पाहावीत, मग ती थोड्या पैशांत करून पाहावीत आणि त्यानंतरच शिक्षणावर मोठा खर्च करावा, अशी ही रीत आहे. तिला साधारण दोन ते तीन महिने लागतात.

पहिली पायरी : एक कपडा वाचायला शिका

तयार विकत घेतलेला एखादा सुती कुर्ता उलटा करून टेबलावर पसरा. शेजारी वही, मोजपट्टी आणि मिळाल्यास भिंग ठेवा. पहिला अर्धा तास केवळ निरीक्षण आणि नोंद करायची आहे.

सुरुवात लेबलापासून करावी. बाजूच्या शिवणीतील पट्टीवर कापडातील तंतूंचे प्रमाण आणि धुण्याच्या सूचना असतात. किमतीचा टॅग जपून ठेवला असेल तर त्यावर बहुधा दोन पत्ते आढळतील, एक उत्पादकाचा आणि दुसरा विक्री करणाऱ्या कंपनीचा. कारखाना तिरुप्पूरला, नोएडाला किंवा जयपूरला आणि कंपनीचे कार्यालय मुंबईत किंवा बंगळुरूत, अशी ही जोडी असते. या दोन पत्त्यांच्या मधली सगळी धावपळ मर्चंडायझरची असते : कापड कधी येणार, नमुना कधी मंजूर होणार, बटणे का अडकली, माल कोणत्या तारखेला बंदरावर पोहोचला पाहिजे, याचे वेळापत्रक तो सांभाळतो. बाहेरच्या जगाला हा पेशा जवळजवळ ठाऊक नाही. निर्यात करणारे कारखाने आणि बाइंग हाउस, म्हणजे परदेशी ग्राहकांसाठी खरेदी पाहणारी कार्यालये, मात्र त्याच्यावर चालतात.

आता शिवणीची माया, म्हणजे टिपेच्या आत सोडलेले जादा कापड, मोजा. शिंप्याने मापाने शिवलेल्या ब्लाउजला बाजूंना इंचभर माया सोडलेली असते, कारण अंग भरले की टीप उसवून तो सैल करायचा असतो. कारखान्यातील कुर्त्याला हीच माया सेंटिमीटरभर असते आणि तिच्या कडेला ओव्हरलॉकची, म्हणजे धागे निसटू न देणारी, शिवण असते, कारण दहा हजार नगांच्या ऑर्डरमध्ये प्रत्येक पाखीमागे (कापलेल्या तुकड्यामागे) वाचलेला सेंटिमीटर म्हणजे काही ताके कापड होते. हा निर्णय पॅटर्न मास्टरच्या, म्हणजे कपड्याच्या प्रत्येक तुकड्याचा कागदी आकार काढणाऱ्याच्या, टेबलावर होतो. मग कुर्ता अंगात घालून दोन्ही हात वर करा. संपूर्ण कुर्ता कमरेपासून वर ओढला जात असेल, तर मुंढ्याचा (बाही जोडतात त्या खाचेचा) आकार आणि बाहीचा गोल यांचे गणित चुकलेले आहे. केवळ बाही वर गेली आणि अंगाचा भाग जवळजवळ जागेवर राहिला, तर ते पॅटर्न चांगल्या हाताने काढलेले आहे. चांगला पॅटर्न मास्टर हा या धंद्यातील सर्वांत दुर्मीळ माणूस आहे, हे मी कोणत्याही कारखान्याच्या मालकासमोर म्हणायला तयार आहे. जुने मास्टर निवृत्त होत आहेत, त्यांची मुले या कामात येत नाहीत आणि संस्थांमधून बाहेर पडणाऱ्या पदवीधरांपैकी फारच थोडे स्वखुशीने कटिंग टेबलापाशी उभे राहतात.

छपाई असेल तर पुढच्या पाखीवरील बुट्टी मागच्या पाखीच्या बुट्टीला शिवणीवर मिळते का ते पाहा. बुट्टी आखणारा टेक्सटाइल डिझायनर आणि ती मिळवणारा कटिंग विभाग यांचे काम तेथे दिसते. एका इंचात किती टाके आहेत ते मोजा. ओला पांढरा रुमाल कापडावर दहा वेळा घासा आणि रंग उतरतो का ते पाहा. कापड तपासणाऱ्या प्रयोगशाळेत याच चाचणीची मोजूनमापून केलेली आवृत्ती चालते आणि तेथे रसायनशास्त्राच्या पदवीधरांना काम मिळते. शेवटी, हा कुर्ता दुकानात ज्या भिंतीवर टांगलेला होता ती आठवा. ‘एल’ मापाचे नग ‘एस’पेक्षा अधिक मागवायचे हे कोणीतरी ठरवले, तो बायर किंवा प्लॅनर, समोरच्या पुतळ्याला कोणत्या ओढणीसोबत तो घालायचा हे ठरवणारा व्हिज्युअल मर्चंडायझर, आणि ऑनलाइन घेतला असेल, तर छायाचित्रामागे स्टायलिस्ट, छायाचित्रकार आणि मापांचा तक्ता लिहिणारा कॅटलॉग विभाग.

दुसरी पायरी : कोणत्या नोंदीपाशी थांबलात ते पाहा

वहीतील पाने पुन्हा वाचा. जेथे तुम्ही गरजेपेक्षा जास्त लिहिले आहे, तेथे खूण करा. कोणाला मुंढ्याचे कोडे सुटेपर्यंत चैन पडत नाही, कोणाला मायेतून वाचणाऱ्या कापडाचा हिशेब मांडावासा वाटतो, तर कोणी बुट्टीच्या रेषेवरच रेंगाळतो. कल चाचणीच्या गुणपत्रिकेपेक्षा ही खूण अधिक भरवशाची आहे, असे माझे मत आहे.

हिशेबात आणि माणसांशी बोलण्यात रमणाऱ्यांसाठी मर्चंडायझिंग, खरेदी आणि किरकोळ विक्रीतील नियोजन ही कामे आहेत. यंत्रे आणि वेळ यांत रमणाऱ्यांसाठी उत्पादन विभाग : तीस-चाळीस यंत्रांच्या ओळीत कोणती टीप आधी घालायची, एका नगाला किती मिनिटे लागायला हवीत आणि माल कोठे तुंबतो आहे, याचे मोजमाप करणारा इंडस्ट्रियल इंजिनिअर प्रत्येक मोठ्या कारखान्याला लागतो. हाताने काम करण्यात आनंद असेल तर पॅटर्न, सॅम्पलिंग (मंजुरीसाठी नमुने शिवणे), भरतकाम आणि हातमाग. शब्द आणि चित्र यांत गती असेल तर फॅशन पत्रकारिता, ब्रँडसाठीचे लेखन, स्टायलिंग.

चित्रपट, मालिका आणि नाटक यांच्या वेशभूषेचा उल्लेख येथे स्वतंत्रपणे केला पाहिजे, कारण मुंबईत त्याची मागणी कायम असते आणि ते काम बाहेरून दिसते त्याहून फार वेगळे आहे. मालिकेच्या सेटवर वेशभूषाकाराच्या साहाय्यकाचा दिवस सातत्याच्या छायाचित्रांनी सुरू होतो. मंगळवारी चित्रित झालेला प्रसंग पुढच्या सोमवारी पुढे चालू होणार असतो आणि नायिकेच्या पदराची घडी, मंगळसूत्राची लांबी आणि बांगड्यांची संख्या तशीच लागते. त्याच्याजवळ सुया, टाचण्या, दुहेरी चिकटपट्टी आणि इस्त्री सतत असतात आणि सेटवर कपडे सांभाळणाऱ्या ‘ड्रेस दादा’शी त्याचे चांगले जमणे हे चित्रकलेतील गुणांपेक्षा महत्त्वाचे ठरते. मॉडेलिंगविषयी एवढेच सांगतो की नाव नोंदवण्यासाठी किंवा पोर्टफोलिओ काढून देण्यासाठी आधी मोठी रक्कम मागणाऱ्या कोणाच्याही दारातून परत फिरावे.

तिसरी पायरी : महिनाभर घरीच कामे करून पाहा

यासाठी दोन-अडीच हजार रुपयांपेक्षा जास्त खर्च येऊ नये. चार प्रयोग सुचवतो. चारही करावेत, कारण जे आवडणार नाही असे वाटते तेच कधीकधी आवडते.

पहिला प्रयोग उसवण्याचा. जुना, चांगल्या बेतलेला ब्लाउज घ्या, शक्यतो कटोरी किंवा प्रिन्सेस कट, आणि प्रत्येक टीप सुईने उसवून सर्व तुकडे सुटे करा. ते इस्त्री करून वर्तमानपत्रावर ठेवा आणि त्यांच्या कडा पेन्सिलने गिरवा. अंगावर गोलाई देणारा तो कपडा आता सपाट कागदावर विचित्र वक्र आकारांच्या रूपात दिसेल. धाग्याची उभी दिशा कोणती, तिरपा म्हणजे उरेब तुकडा कोठे वापरला आहे, तिऱ्याचा (खांद्याचा) उतार किती आहे, हे प्रत्येक तुकड्यावर लिहा. मग त्या कागदावरून स्वस्त मांजरपाटाचा दुसरा ब्लाउज कापून शिवा किंवा कोणाकडून शिवून घ्या. तो बिघडणारच. का बिघडला, हे शोधण्यात तुमची संध्याकाळ कशी गेली ते कळले नाही, तर पॅटर्नच्या कामाचा गंभीरपणे विचार करा.

दुसरा प्रयोग कापडाचा. नव्या, न धुतलेल्या कापडावर उभ्या आणि आडव्या दिशेने ५० सेंटिमीटर अंतरावर खुणा करा, कापड धुऊन वाळवा आणि पुन्हा मोजा. ५० चे ४८ झाले असतील तर कापड ४ टक्के आटले; म्हणजे ११० सेंटिमीटर उंचीचा कुर्ता पहिल्या धुण्यातच साडेचार सेंटिमीटरच्या आसपास आखूड होईल. त्याच कापडाचा १० सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटरचा अचूक चौकोन कापा आणि ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर त्याचे वजन करा. ग्रॅममध्ये आलेल्या आकड्याला १०० ने गुणले की कापडाचा ‘जीएसएम’ मिळतो, म्हणजे एका चौरस मीटरचे वजन. १.४ ग्रॅम भरले तर ते १४० जीएसएमचे कापड. बाजारात ‘जाड’, ‘पातळ’ या शब्दांनी सौदे होतात, कारखान्यात या आकड्याने.

तिसरा प्रयोग हिशेबाचा. पुढील आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत. कुर्त्याला २.५ मीटर कापड, मीटरला १४० रुपये, म्हणजे ३५० रुपये. धागा, बटणे, बक्रम, लेबल मिळून ३५. कापणे आणि शिलाई १२०. इस्त्री, तपासणी आणि पॅकिंग २५. एकूण ५३०. बिघडणाऱ्या नगांसाठी ५ टक्के धरले की ५५७ च्या आसपास, त्यावर कारखान्याचा वरखर्च आणि नफा मिळून १५ टक्के धरले की ६४०. आता तसाच कुर्ता दुकानात कितीला आहे ते पाहा. मधला फरक पाहून ‘लूट आहे’ असे म्हणून थांबू नका. दुकानाचे भाडे, विक्रेत्यांचे पगार, हंगामअखेरची सवलत, न खपलेला माल आणि जीएसटी त्यात बसतात. सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के आणि त्यापुढील कपड्यावर १८ टक्के जीएसटी आहे, त्यामुळे त्या रेषेच्या अलीकडे-पलीकडे किंमत ठरवताना डिझायनरला एखादी लेस काढून टाकावी लागते. कलेचा निर्णय असा कराच्या टक्क्यावर अडतो, याचे दुःख न होता त्यात रस वाटला, तर मर्चंडायझिंगकडे किंवा खरेदीकडे वळायला हरकत नाही.

चौथा प्रयोग बाजाराचा. मुंबईत दादरचे हिंदमाता, काळबादेवीचे मुळजी जेठा मार्केट, मंगलदास मार्केट आणि लेस-लटकनांसाठी भुलेश्वर. पुण्यात रविवार पेठ. आपापल्या गावात कापडाची जी पेठ असेल ती. एक रंग ठरवून घ्या, समजा मोरपंखी, आणि त्या रंगाचे दहा वेगवेगळे कापडाचे नमुने जमवा. प्रत्येकाचे नाव, पन्हा (कापडाची रुंदी), मीटरचा भाव आणि दुकान लिहून वहीत चिकटवा. पन्हा विचारायला विसरू नका. ४४ इंच पन्ह्याचे १२० रुपयांचे कापड हे ५८ इंच पन्ह्याच्या १४० रुपयांच्या कापडापेक्षा स्वस्त पडेलच असे नाही, हे तेथे उभे राहून हिशेब केल्याशिवाय अंगवळणी पडत नाही.

नमुने उजेडात पाहण्याविषयी एक अनुभव सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका ऑर्डरची बटणे खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात कापडाशी जुळवून मंजूर केली. परदेशातील ग्राहकाने ती त्याच्या दुकानात असते तशा ट्यूबलाइटखाली पाहिली, तेव्हा कापड निळसर आणि बटणे हिरवट दिसू लागली. वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेल्या दोन वस्तू एका प्रकाशात जुळतात आणि दुसऱ्यात जुळत नाहीत, म्हणूनच रंग तपासण्यासाठी वेगवेगळ्या दिव्यांची पेटी असते. ती आमच्या कार्यालयात होती आणि मी घाईत वापरली नव्हती. बटणे बदलण्यात वेळ गेला, जहाजाने जायचा माल विमानाने पाठवावा लागला आणि त्या ऑर्डरवरचा नफा भाड्यात गेला. मोरपंखी रंगाचे ते दहा नमुने म्हणूनच घरी आणल्यावर सूर्यप्रकाशात, पिवळ्या दिव्याखाली आणि ट्यूबलाइटखाली पाहावेत.

चौथी पायरी : आपल्या जिल्ह्यात काय आहे ते तपासा

फॅशन म्हटले की मुंबईच डोळ्यांसमोर येते, पण प्रत्यक्ष उत्पादन विखुरलेले आहे. भिवंडी आणि मालेगाव येथे यंत्रमाग आहेत. इचलकरंजीला महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणतात ते तेथील यंत्रमागांमुळेच. सोलापूरची चादर आणि टॉवेल सर्वांना माहीत आहेत. शाळांचे गणवेश तेथे मोठ्या प्रमाणात शिवले जातात, हे कमी जणांना माहीत असते. उल्हासनगरात जीन्सचे उत्पादन चालते. बारामतीच्या टेक्सटाइल पार्कमध्ये शिलाईचे कारखाने आहेत. २०२३ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलेल्या वस्त्रोद्योगासाठीच्या सात पीएम मित्र पार्कांपैकी एक अमरावतीला आहे. येवला आणि पैठण येथे पैठणी, छत्रपती संभाजीनगरला हिमरू कापड, नागपूर-भंडाऱ्याकडे टसर रेशमाची करवतकाठी साडी.

यांपैकी एका ठिकाणी तरी भेट ठरवावी. ओळख काढून जावे, शिपमेंटच्या आठवड्यात जाऊ नये आणि ‘मला मार्गदर्शन करा’ असे मोघम न सांगता नेमके प्रश्न न्यावेत : कालचा तुमचा दिवस सकाळपासून कसा गेला, या कामात पहिल्या वर्षी किती मिळते आणि पाचव्या वर्षी किती, तुमच्या हाताखाली आलेली मुले कोणत्या कारणाने सोडून जातात. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत उपयोगी असते. अर्धा दिवस गावातील जुन्या शिंप्याजवळही बसावे. चहा आपण सांगावा आणि काज-बटणापासून हातशिलाईपर्यंत जे दाखवतील ते पाहावे.

पारंपरिक कारागिरीत रस असणाऱ्यांनी कोल्हापुरी चपलांचे अलीकडचे प्रकरण समजून घ्यावे. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या आठ जिल्ह्यांतील या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये मिलानच्या एका शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने तशाच घडणीच्या चपला दाखवल्या, भारतातून टीका झाली आणि त्यानंतर कंपनीने भारतीय कारागिरीची प्रेरणा मान्य केली. कारागीर आणि बाजार यांच्यामध्ये दस्तऐवज ठेवणारी, मापे प्रमाणित करणारी, करार वाचणारी माणसे कमी आहेत. हा नव्या पिढीसाठी खराखुरा पेशा आहे, फक्त त्याला अजून नेमके नाव मिळालेले नाही.

पाचवी पायरी : आता शिक्षण निवडा

एनआयएफटी, म्हणजे ‘निफ्ट’ (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ फॅशन टेक्नॉलॉजी), ही वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या अखत्यारीतील संस्था १९८६ मध्ये दिल्लीत सुरू झाली आणि २००६ च्या कायद्याने तिला वैधानिक दर्जा मिळाला. महाराष्ट्रातील तिचे केंद्र नवी मुंबईत खारघरला आहे. चार वर्षांच्या बी. डिझाइनसाठी बारावीची कोणतीही शाखा चालते. त्यात कपड्यांबरोबरच कापड, विणलेले होजिअरी कपडे, चामडे, ॲक्सेसरीज आणि फॅशन कम्युनिकेशन अशा शाखा आहेत. चार वर्षांच्या बी. एफटेकसाठी (फॅशन तंत्रज्ञानाच्या पदवीसाठी) बारावीला विज्ञान आणि गणित लागते. उत्पादन विभागात किंवा इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगमध्ये ज्यांना रस आहे, त्यांनी या दुसऱ्या अभ्यासक्रमाकडे आवर्जून पाहावे. त्याची चर्चा कमी होते. डिझाइनच्या प्रवेशात लेखी आणि रेखाटनाच्या परीक्षेनंतर दिलेल्या साहित्यातून प्रत्यक्ष वस्तू बनवण्याची चाचणी असते, त्यामुळे केवळ चित्रकलेचा सराव पुरत नाही. पुठ्ठा, तार, कागद, चिंध्या घेऊन वेळ लावून वस्तू करण्याचा सराव सहा महिने आधी सुरू करावा. विणकर आणि हस्तकला कारागिरांच्या मुलांसाठी प्रवेशाची स्वतंत्र सोय आहे आणि त्यासाठी अधिकृत कारागीर ओळखपत्र लागते. येवल्याच्या किंवा कोल्हापूरच्या पालकांनी ते वेळेत काढून ठेवावे. वयाची अट, शुल्क आणि तारखा दरवर्षीच्या सूचनापत्रकातच पाहाव्यात.

अहमदाबादची एनआयडी (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) ही १९६१ पासूनची संस्था वस्त्र आणि परिधान या दोन्ही अंगांनी पाहण्यासारखी आहे. मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठात वस्त्र आणि फॅशनचे शिक्षण तुलनेने परवडणाऱ्या शुल्कात मिळते. तंत्राकडे कल असेल तर मुंबईतील व्हीजेटीआय, रंगाई आणि तंतुरसायनासाठी माटुंग्याची आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) आणि इचलकरंजीची डीकेटीई या तंत्रशिक्षण संस्थांची नावे या धंद्यात आदराने घेतली जातात.

आयटीआयला कमी लेखण्याची आपल्याकडे वाईट सवय आहे. आठवी किंवा दहावीनंतर शिवणतंत्र, ड्रेस मेकिंग, फॅशन डिझाइन आणि तंत्रज्ञान असे एक वर्षाचे व्यवसाय अभ्यासक्रम अनेक जिल्ह्यांत आहेत, त्यानंतर शिकाऊ उमेदवार म्हणून कारखान्यात जाता येते आणि हात चांगला असेल तर सॅम्पलिंग विभागाचा दरवाजा तेथूनही उघडतो. यंत्रावर बसता न येणाऱ्या पदवीधराला सॅम्पलिंग मास्टर कसे वागवतात हे मी पाहिले आहे. आयटीआयच्या मुलीला त्या अपमानातून जावे लागत नाही.

खासगी संस्था निवडताना माहितीपत्रकातील रॅम्पची छायाचित्रे बाजूला ठेवून प्रत्यक्ष जाऊन पाहा. औद्योगिक शिलाई यंत्रे किती आहेत आणि वर्गात मुले किती? पॅटर्न शिकवणाऱ्या शिक्षकांनी कारखान्यात किती वर्षे काम केले आहे? कॅडचे, म्हणजे संगणकावर पॅटर्न काढण्याचे, सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना आठवड्यातून किती तास मिळते? पदवी कोणत्या विद्यापीठाची आहे आणि त्या विद्यापीठाला मान्यता आहे का? ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ असे म्हणत असतील तर गेल्या वर्षीच्या पाच विद्यार्थ्यांशी थेट बोलू द्या, असे सांगा. कापड, नमुने आणि वार्षिक शोचा खर्च शुल्काबाहेर असतो. तो वर्षाला किती होतो हे संस्थेला नाही, शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला विचारावे. शैक्षणिक कर्ज घेणार असाल तर हप्ता किती बसेल याचा हिशेब पहिल्या वर्षीच्या खऱ्या पगाराशी करा, आणि हा पगार तुम्हाला चौथ्या पायरीत कळलेला आहे.

सहावी पायरी : पोर्टफोलिओ कामाप्रमाणे बेता

सुंदर रेखाटनांचे पन्नास कागद कोणी पाहत नाही. पंधरा पाने पुरतात, आणि ज्या कामासाठी अर्ज आहे त्यानुसार ती बदलावीत. पॅटर्नच्या कामासाठी उसवलेल्या ब्लाउजचे कागद, बिघडलेला मांजरपाटाचा नमुना आणि दुरुस्तीनंतरचा नमुना शेजारी शेजारी ठेवा. चूक लपवू नका. मर्चंडायझिंगसाठी हिशेबाचा तक्ता, वेळापत्रक आणि एका कपड्याचे संपूर्ण तांत्रिक पान द्या, ज्यात प्रत्येक माप, टीप, बटण आणि लेबलाची जागा लिहिलेली असेल. स्टायलिंगसाठी एकच साडी तीन वेगळ्या व्यक्तींवर, तीन वयांत, स्वतः काढलेल्या छायाचित्रांत. इतरांचे काम घेतले असेल तर तसे स्पष्ट लिहावे. हे क्षेत्र लहान आहे आणि नमुने ओळखले जातात.

सातवी पायरी : पहिले वर्ष आणि जागा बदलण्याचा मार्ग

पहिल्या इंटर्नशिपचे तास, विद्यावेतन आणि कालावधी लेखी मागून घ्यावा. स्टायलिंग आणि डिझायनर स्टुडिओ येथे ‘अनुभव मिळेल’ या शब्दावर महिनोन्‌महिने फुकट राबवण्याची रीत आहे. प्रवासखर्चही मिळणार नसेल तर किती आठवडे परवडेल, हे घरी आधीच ठरवावे.

पहिली जागा ही कायमची नसते. भानू अथैया मूळच्या कोल्हापूरच्या, जन्म १९२९ चा. सर ज. जी. कला विद्यालयात शिकल्यानंतर त्यांनी महिलांच्या नियतकालिकांसाठी फॅशनची रेखाटने केली, तेथून त्या कपडे बेतण्याकडे आणि मग चित्रपटांच्या वेशभूषेकडे वळल्या आणि १९८३ मध्ये ‘गांधी’साठी जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळवून तो मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या. गोव्याचे वेंडेल रॉड्रिक्स यांचे पहिले शिक्षण केटरिंगचे होते; डिझायनर म्हणून नाव झाल्यावर त्यांनी गोव्याच्या कुणबी साडीला पुन्हा प्रकाशात आणले. दोघांनीही आधीचे काम वाया जाऊ दिले नाही. कारखान्यातील दोन वर्षांनंतर खरेदी विभागात जाणारा माणूस शिलाईचा भाव स्वतः सांगू शकतो, ही त्याची मोठी जमेची बाजू असते.

स्वतःचे काम सुरू करायचे असेल तर ब्रँडच्या नावावर आणि लोगोवर आधी पैसे घालू नका. चांगले औद्योगिक यंत्र, ओव्हरलॉक आणि वाफेची इस्त्री, या क्रमाने खर्च करावा. काज आणि पिको सुरुवातीला बाहेरून करून घेता येतात. पहिल्या वीस ब्लाउजांची वेगळी वही ठेवावी. ग्राहकाचे माप, कापडाचे आटणे, लागलेला वेळ, घेतलेली शिलाई आणि दुरुस्तीसाठी कपडा किती वेळा परत आला, हे त्यात लिहावे. विसाव्या पानापर्यंत कोणत्या मापात आपला हात चुकतो हे दिसू लागते. बहुतेकांचा तो मुंढ्यातच चुकतो.